मोखाड्याचा ‘ओ’

पालघर जिल्ह्यात आठ तालुके. वसई, वाडा, विक्रमगड, पालघर, डहाणू, तलासरी, जव्हार आणि मोखाडा. १ ऑगस्ट २०१४ला ठाण्यातून फुटून हा जिल्हा झाला आणि तेव्हापासून आमच्या पोरांच्या मागे ही आठ नावं लागली. नावं म्हणून घेताना पोरांना झोप येते. खरं सांगायचं तर मलाही येते. म्हणून एका रविवारी जव्हारच्या खोलीवर बसून मी माझ्याच आवाजात ती लॅपटॉपवर रेकॉर्ड केली, मागे टाळ्यांचा ठेका धरला आणि सोमवारी शाळेत नेऊन वाजवली.

वसई छान गेलं. वाडा, विक्रमगड, पालघर गेले. डहाणू-तलासरी जोडीने गेले. जव्हार तर राजवाड्याच्या सज्जातून कुणी पुकारा करावा तसं गेलं. आणि मग लॅपटॉप म्हणाला, “मोऽर्र्र्खाडा.”

वर्ग गप्प. मग दुसऱ्या ओळीतली एक मुलगी अतिशय काळजीने म्हणाली, “सर, तुमचा घसा बसलाय का?”

शाळा मोखाडा तालुक्यातल्या एका पाड्यावर आहे, हे इथे सांगायला हवं. म्हणजे ज्याच्या ओसरीत बसायचं त्याचंच नाव घेताना आमचा लॅपटॉप घरघरला. आणि तो राहायला माझ्यासोबत जव्हारला! जव्हार हे मुकण्यांचं जुनं संस्थान. जयविलास राजवाडा आहे, सनसेट पॉइंट आहे, एसटीचा डेपो आहे. जव्हारचा माणूस मोखाड्याचं नाव काढताना किंचित खांदा उडवतो, आणि मोखाड्याच्या माणसाला तो खांदा बरोबर दिसतो. चहाच्या सुट्टीपर्यंत पाड्यावर बातमी पसरली की गुरुजींचा लॅपटॉप जव्हारच्या बाजूचा आहे.

मी तीच फाइल इअरफोनवर ऐकली. ‘मोखाडा’ स्वच्छ. म्हणजे घसा माझा नव्हे, लॅपटॉपचा बसलेला. आवाजाच्या तक्रारीत ही पहिली पायरी, आणि नेमकी तीच लोक सोडतात. इअरफोनमध्येही घरघर असेल तर दोष फाइलमध्ये किंवा आतल्या कारभारात; नसेल तर दोष स्पीकरच्या अंगात. आमच्या केंद्रातल्या एका सहकाऱ्याला मी हे समजावून सांगितलं. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, “ड्रायव्हर अपडेट करा.” ते कुठल्याही आजारावर हेच सांगतात. त्यांचा प्रिंटर पावसात भिजला तेव्हाही त्यांनी ड्रायव्हरच अपडेट केला होता. दुसऱ्यांनी तांदळाच्या डब्यात ठेवायला सांगितलं. आषाढात आमच्याकडे पट्ट्याला, पाकिटाला आणि आदर्श शिक्षक पुरस्काराच्या फ्रेमला एकाच रात्रीत बुरशी येते. त्या हवेत तांदूळ स्वतःच ओलसर असतो, तो दुसऱ्याचं काय शोषणार? तरी ठेवला. लॅपटॉपच्या फटीत चार दाणे गेले, एवढंच.

खरं निदान पोरांनी केलं. तिसऱ्या दिवशी एक बारकं पोरगं टेबलापाशी आलं आणि म्हणालं, “सर, त्याला ओ म्हणता येत नाय.” मी दुर्लक्ष केलं. मग सगळा वर्गच मागे लागला. शेवटी मी एकेक शब्द रेकॉर्ड करून ऐकवायला घेतला आणि पोरं निकाल द्यायला लागली. मोर: घरघर. ढोल: घरघर. टोमॅटो: दोनदा घरघर, यावर टाळ्या. घर: स्वच्छ. नदी: स्वच्छ. खोडाळा: घरघर. बोहाडा: घरघर. मोहाचं झाड: घरघर. आता बघा, आठ तालुक्यांमध्ये ‘ओ’ असलेला तालुका एकच. आणि त्या तालुक्यातलं जे जे म्हणून नाव घ्यावं, त्याच्या पोटात तो ओ बसलेला. खोडाळ्याचा बाजार, देवादिकांचे मुखवटे घालून रात्रभर संबळाच्या तालावर नाचायचा बोहाडा, मोह. फक्त सूर्यमाळ सुटलं. पाड्यावरचा संशय पक्का होत चालला तेवढ्यात एका पोरीने धबधब्याचं नाव सुचवलं. दाभोसा! हा तर खास जव्हारचा. लॅपटॉपने ‘दाभोसा’ म्हणतानाही तशीच घरघर केली, आणि पक्षपाताचा आरोप मागे घेण्यात आला.

आता ओच का? आम्हाला डीएडला स्वर शिकवले ते कंठ, तालू, ओष्ठ असे. त्याची दुसरी बाजू अशी की प्रत्येक स्वराचा जोर वेगळ्या कंपनसंख्येवर पडतो. ‘ओ’ म्हणताना तोंडाची पोकळी जी घुमते तिचा पहिला जोर सेकंदाला ४००-५०० कंपनांच्या आसपास असतो, ‘आ’चा ७००च्या पुढे-मागे. स्पीकरच्या आत एक पातळ पडदा असतो, त्याच्या पाठीला तारेचं वेटोळं, वेटोळ्याभोवती लोहचुंबक. तारेतून वीज आली की वेटोळं पुढे-मागे हलतं, पडदा हलतो, हवा हलते, मोखाडा ऐकू येतं. राइस आणि केलॉग या दोन अमेरिकन इंजिनिअरांनी १९२५ साली ही रचना मांडली आणि तेव्हापासून लग्नातल्या डीजेपासून माझ्या लॅपटॉपपर्यंत तीच चालू आहे. फरक मापाचा. डीजेवाल्याचा पडदा परातीएवढा, माझा अंगठ्याच्या नखाएवढा. परात हलली की छातीत धडधडतं. नख कितीही हललं तरी ढोलाचा ‘धूम’ त्याच्याने निघत नाही, फक्त टिपरीचा ‘टिक’ निघतो. तर या नखाला काहीतरी चिकटलं किंवा ते कुठे सुटलं, की एका विशिष्ट कंपनाला ते नेमकं थडथडतं, बाकी वेळ साळसूद. आमच्या गावी एक खिडकी होती, ती फक्त नाशिकच्या बसला वाजायची. ठाण्याची बस गेली तर ढिम्म.

दुकानात जायचं सोडून मी हे सगळं का करत होतो? दुकानातही गेलो होतो. तिथल्या मुलाने मान वर न करता सांगितलं, “स्पीकर गेला.”

“म्हणजे नक्की काय झालं?”

“गेला म्हणजे गेला, सर. नवा मागवायला लागेल. जोडीच येते.”

जोडीचा भाव ऐकून मी नाशिकचा विचार केला. जव्हारहून नाशिक मोखाडा-त्र्यंबकमार्गे ८० किलोमीटरच्या आसपास. पावसाळ्यात त्या घाटातून लॅपटॉप मांडीवर घेऊन गेलो, तर स्पीकरसोबत बाकीचाही जाईल असं वाटलं. ऑनलाइन दुकानात शाळेचा पिनकोड टाकला, ४०१६०४. तिथे लाल अक्षरांत आलं की या पत्त्यावर सेवा उपलब्ध नाही. जव्हारचा ४०१६०३ टाकला तर तीन आठवडे. एका आकड्यात एवढा फरक! हे मी पाड्यावर कुणाला सांगितलं नाही. लॅपटॉपवरचा आरोप नुकता कुठे मिटला होता.

तेव्हा रविवारी मी स्वतःच उघडायचं ठरवलं. बाहेर पाऊस असा की समोरचं घर दिसेना, आणि लाइट सकाळपासून गेलेली. लाइट नसताना विजेचं काम करणं सगळ्यात सुरक्षित, असा माझा समज. लॅपटॉप बंद केला, उपडा केला. खाली नऊ स्क्रू दिसत होते. दोन आणखी मागच्या रबरी पायांखाली लपलेले, ते बनवणाऱ्याने नुसता सूड म्हणून तिथे ठेवले असावेत. अकराच्या अकरा एका मापाचे नसतात, हे महत्त्वाचं. बिजागरीजवळचे लांब, पुढचे आखूड. लांब स्क्रू आखूड जागी पिळला तर तो वरून बाहेर डोकावतो. म्हणून मी एका कागदावर लॅपटॉपचं चित्र काढलं आणि ज्या जागेचा स्क्रू त्या जागी ठेवत गेलो. या व्यवस्थेचा मला फार अभिमान वाटला. बायकोला बोलावून दाखवली. जुनं सिमकार्ड फटीत घालून कडेकडेने फिरवलं, कट कट करत टाचण्या सुटल्या, आणि झाकण निघालं. आधी बॅटरीची वायर काढली. तेवढ्यात लाइट आली.

लाइट आली म्हणजे पंखा आला. सकाळी लाइट गेली तेव्हा पंखा पाचवर होता, तो पाचवरच परत आला. कागद, कागदावरचा लॅपटॉप आणि त्यावरचे अकरा स्क्रू उडाले. पुढचा पाऊण तास आम्ही दोघं गुडघ्यांवर होतो. नऊ मिळाले. दहावा दुसऱ्या दिवशी पोह्यात मिळाला. अकराव्याचा शोध सुरू आहे.

आता आत काय होतं ते सांगतो. डाव्या-उजव्या कोपऱ्यात दोन काळ्या प्लॅस्टिकच्या डब्या, प्रत्येकीला रबराचे कान, लाल-काळी वायर, आणि तळाला बारीक अक्षरांत ४ ओहम, २ वॅट. दोन वॅटमध्ये मी तीस पोरांना जिल्हा शिकवत होतो! तेही त्या नारिंगी शंकूच्या प्लेयरमध्ये आवाज शंभराच्या पुढे ढकलून, कारण पत्र्यावर पाऊस पडायला लागला की वर्गात स्वतःचा विचारसुद्धा ऐकू येत नाही. तो शंभराच्या पुढचा आवाज स्पीकरला पोसवत नाही, नुसता फाडतो, हे मला नंतर कळलं. असो. शाळेच्या विज्ञानपेटीतला मीटर लावून बघितला. दोन्ही बाजूंना चारच्या जवळ आकडा आला, म्हणजे आतलं वेटोळं शाबूत. उजव्या डबीची जाळी साफ. डाव्या डबीच्या जाळीत दोन तांदळाचे दाणे, थोडी लाल माती, आणि पडद्याच्या काठावर आडवी पडलेली एक स्टेपलरची पिन.

ती पिन बघून मला पहिल्यांदा हसू आलं आणि मग ओळख पटली. शाळेत माझ्या टेबलावर शिकवण्यापेक्षा स्टेपलर जास्त चालतो. पोषण आहाराचा तक्ता, उपयोगिता प्रमाणपत्र, हजेरीची माहिती, माहितीची माहिती. प्रत्येकाच्या तीन प्रती. वाकडी बसलेली पिन काढायची, टेबलावर टाकायची, आणि त्याच टेबलावर लॅपटॉप ठेवायचा. खालच्या फटीतून चुंबकाने ती ओढून घेतली. अर्धी पिन पत्र्याच्या कडेला चिकटलेली, अर्धी पडद्यावर रेललेली. ओ आला की पडदा उडे आणि पिन टिचक्या मारी. म्हणजे इतके दिवस मोखाड्याच्या नावात घरघरत होतं ते शासनाचं एक प्रपत्रच होतं.

इथे मी थांबायला हवं होतं. चिमटा लोखंडी, म्हणून तो बाजूला ठेवला, एवढी अक्कल होती. मग पिन हलकेच उचलण्यासाठी हातात काय घेतलं? स्क्रूड्रायव्हर. त्याचं टोक चुंबकाचं, खास स्क्रू पकडण्यासाठी घेतलेलं. ते टोक पडद्यापासून वीतभर अंतरावर होतं तोवर मी त्याला धरून होतो. बोटभर अंतरावर आल्यावर त्याने मला धरलं. टक् असा आवाज झाला. पिन निघाली. पडद्याच्या काठाशी मोहरीएवढं भोक पडलं.

त्या भोकाकडे मी बराच वेळ बघत होतो. फेविक्विक लावलं तर पडदा कडक होऊन पापडासारखा तडकेल, शिवाय त्याचा थेंब खाली वेटोळ्यावर गेला की सगळंच संपलं. पूर्वी रेडिओ दुरुस्त करणारे कागदी पडद्याला पातळ कागदाचं ठिगळ आणि गोंद लावायचे. हा पडदा प्लॅस्टिकचा. मग आठवलं की कुणीतरी नेलपॉलिश सांगतं. बायकोची बाटली कपाटात होती, भाच्याच्या लग्नासाठी घेतलेली, गडद लाल.

“अहो, दोन वर्षांत माझ्या नखांना लागली नाही ती,” ती म्हणाली, “आणि त्या डबड्याला?”

डबड्याला लावली. एक थेंब, आणि खात्री म्हणून आणखी एक. तासभर वाळू दिलं, नऊ स्क्रूंवर झाकण बसवलं, आणि श्वास रोखून फाइल लावली. शेवटपर्यंत धीर धरवेना, थेट मोखाड्यावरच गेलो. “मो” स्वच्छ! मी बायकोकडे बघितलं. तोवर पुढचं आलं, “खाऽर्र्र्डाऽर्र्र.”

परत पहिल्यापासून लावलं. वसई स्वच्छ. वाडा घरघर. विक्रमगड स्वच्छ. पालघर, डहाणू, तलासरी, जव्हार, सगळीकडे घरघर. ओ सुधारला होता आणि आ बिघडला होता. दुरुस्तीच्या आधी आठातला एक तालुका आजारी होता, आता सहा झाले. जव्हारसुद्धा! माझ्या हातून जिल्ह्याला समान न्याय मिळाला तो असा.

सोमवारी पोरांनी दोन मिनिटांत निकाल दिला: आता त्याला आ येत नाय. त्यातल्या एकाचा आजा तारपा वाजवतो आणि स्वतः बनवतोही. तारपा म्हटलं की आमच्या भागात मान ताठ होते. जव्हारजवळच्या वाळवंड्याच्या भिकल्या लाडक्या धिंडांना तारप्यासाठी संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला, २०२६ साली पद्मश्रीही जाहीर झाली. आमचा आजा त्या मानाने पाड्यापुरता. दुपारी नातवाला न्यायला तो आला तेव्हा पोरांनी त्याला ओढतच ओसरीवर आणलं. मी झाकण उघडून स्पीकर दाखवला. आजा मला ‘तू’ म्हणतो. त्याच्या बोलीत गुरुजीही तूच. त्याने डबी उलटीसुलटी केली आणि विचारलं,

“याचा भोपळा कुठं?”

प्रश्न बिनतोड होता. तारप्याला वाळलेला दुधी भोपळा असतो, त्यात नळ्या, पुढे ताडाच्या पानांचा लांब कर्णा, सांधे मेणाने बुजवलेले. भोपळ्याशिवाय नळी नुसती पिपाणी. मी ती काळी प्लॅस्टिकची डबी दाखवली आणि म्हटलं, हाच भोपळा. आजा एवढा हसला की त्याला खोकला आला. मग त्याने विचारलं, फुंकतं कोण? म्हटलं, वीज. आणि वीज गेली की? मी उत्तर दिलं नाही. वीज तेव्हा गेलेलीच होती, बॅटरीवर चाललं होतं.

पण त्याने पुढे केलं ते मला सुचलं नव्हतं. मला ‘आ’ वाजवत ठेवायला सांगितला आणि पडद्याच्या कडेवर करंगळीचं नख हलकेच टेकवत फिरवायला लागला. इथे घरघर, इथे घरघर, इथे घरघर, आणि एका जागी नख टेकलं तशी घरघर गप्प. नख उचललं, परत सुरू. टेकवलं, गप्प. माझ्या स्क्रूड्रायव्हरने नुसतं भोक पाडलं नव्हतं. भोकाच्या शेजारी पडद्याची कडच चौकटीपासून सुटली होती, आणि त्यावर मी दोन थेंबांचं ओझं ठेवलं होतं. सुटलेला काठ आणि जड झालेलं अंग, आता तो वेगळ्या स्वराला थडथडत होता. आजाने नेलपॉलिशच्या लाल ढेकळाकडे बघितलं. “लय थापलंस,” एवढंच म्हणाला. भाकरीबद्दल माझी आई असंच म्हणायची.

तो मेण लावायला निघाला होता. मी नको म्हटलं, मेण या पडद्याला जड होईल. मग चिकटवायचं कशाने? लवचीक हवं, हलकं हवं, पाण्याला न घाबरणारं हवं. एक पोरगं पळत जाऊन वडिलांच्या सायकलचं पंक्चरचं सोल्यूशन घेऊन आलं. ट्यूब दाबून दाबून चपटी झालेली, टोकाशी सुकलेला काळा गोळा. खराट्याची काडी घेतली, तिच्या टोकाला सोल्यूशनचा केसाएवढा धागा. आजाने नखाने काठ दाबून धरला आणि मी श्वास रोखून काडी फिरवली. तीस पोरांनीही श्वास रोखला. वर्गात एवढी शांतता माझ्या शिकवण्याने कधीच झाली नव्हती.

तासाभराने फाइल लावली. आठही तालुके ओळीने गेले. आवाज पहिल्यापेक्षा थोडा दबका, डाव्या बाजूला किंचित गोड, पण घरघर कुठेच नाही. आजाने मजुरी म्हणून ती स्टेपलरची पिन मागून घेतली आणि टोपीच्या घडीत खोवली. कशाला हवी ते सांगितलं नाही. मी आता लॅपटॉप चार पुस्तकांवर ठेवतो, आवाज शंभरावर थांबवतो, आणि स्टेपलर खिडकीत असतो.

पुढच्या आठवड्यात केंद्रप्रमुख भेटीला आले. पत्रे, हजेरी, खिचडी बघून झाल्यावर ते वर्गात आले आणि जिल्ह्यातले तालुके विचारले. पोरांनी ठेका धरला. टाळ्यांसकट, एका सुरात, माझ्याच आवाजाच्या चढउतारांसकट. वसई, वाडा, विक्रमगड. मी मागे हात बांधून उभा. पालघर, डहाणू, तलासरी, जव्हार. आणि मग तीसच्या तीस पोरांनी छाती फुगवून सांगितलं,

“मोऽर्र्र्खाडा!”

साहेबांनी वही खाली केली आणि माझ्याकडे बघितलं. “गुरुजी,” ते म्हणाले, “सगळ्यांचे घसे एकदम कसे काय बसले?”